मुलींच्या अभ्यासक्रमाची जुनी धोरणं आणि आजच्या नोकरीतली तफावत

जुनीपाटी

दहावी-बारावीचा निकाल लागला की "यंदाही मुलींचीच बाजी" हा मथळा ठरलेला. मग ही बाजी टूलरूममध्ये, वीज कंपनीच्या लाइन स्टाफमध्ये, सरकारी खात्यांतल्या मुख्य अभियंत्यांच्या यादीत का दिसत नाही? लग्न, बाळंतपण, घरकाम ही उत्तरं खोटी नाहीत, पण त्यांवर पुष्कळ दळण दळून झालंय. इथे त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल बोलू: शाळेनं मुलींना कोणते विषय दिले, कोणते दिले नाहीत आणि त्याचे परिणाम किती वर्षं पुरतात.

सुरुवात १८८२ च्या हंटर आयोगापासून, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापासून. जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं तोच हा आयोग. मुलींच्या शाळांना अनुदान सढळ हातानं द्या, अटी सैल ठेवा, ही त्याची चांगली शिफारस. पण त्याच यादीत आणखी एक आहे. मुलींच्या प्राथमिक शाळांची पातळी मुलांपेक्षा सोपी ठेवावी आणि ती ठरवताना घरसंसाराच्या गरजा व स्त्रियांना मोकळे असलेले व्यवसाय ध्यानात घ्यावेत. खरी गोम शेवटच्या तुकड्यात आहे. मोकळे व्यवसाय तेव्हा किती? शिक्षिका, सुईण, परिचारिका, पुढे डॉक्टर. तेही का मोकळे? तर मुलींना शिकवायला आणि पडद्यातल्या बायकांना तपासायला बाईच लागे म्हणून. बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठीचा १८८५ चा डफरिन फंड त्याच गरजेतून उभा राहिला. म्हणजे जेवढे व्यवसाय मोकळे तेवढ्यापुरतं शिकवायचं, आणि तेवढंच शिकवल्यामुळे नवा व्यवसाय मोकळा व्हायचा नाही.

पुण्यात १८८४ ला हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली. इंग्रजी, गणित शिकवायला लागली, तर टिळकांच्या 'मराठा' पत्रातून अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पाच या वेळेवर टीकेची झोड उठली. मुलगी दिवसभर शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार, हा मुद्दा.

स्वातंत्र्यानंतर विचार बदलला, पण टप्प्याटप्प्यानं. १९५८ ची दुर्गाबाई देशमुख समिती, १९६१ मध्ये नेमलेली हंसा मेहता समिती, मग १९६४-६६ चा कोठारी आयोग. मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा नको, हे हंसा मेहता समितीनं मांडलं. कोठारींनी ते उचलून धरलं: गृहविज्ञान मुलींवर लादू नका, गणित-विज्ञानाकडे त्यांना मुद्दाम वळवा. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं. त्याआधी आपल्या जुन्या अकरावीच्या एसएससीत सोप्या गणितावर निभावून नेण्याची सोय होती.

आता आकडेमोड. १९५० साली जन्मलेली मुलगी १९६६-६७ ला जुनी एसएससी झाली. सोपं गणित घेतलं असेल तर अभियांत्रिकीचं दार तिथेच बंद. राज्य सरकारी सेवेत निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे तिचा काळ २००८ पर्यंत. १९६० साली जन्मलेली, नव्या पद्धतीत गणित-विज्ञान शिकलेली पहिली पिढी निवृत्त झाली २०१८ ला. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत पोचायला पंचवीस-तीस वर्षांची नोकरी लागते. १९६६ च्या अभ्यासक्रमाचं फळ २००५ च्या ज्येष्ठता यादीत दिसतं ते असं.

माझं म्हणणं एवढंच की आजची तफावत मुली किती वर्षं शिकल्या यापेक्षा काय शिकल्या यावर जास्त ठरते. जाणकारांनी भर घालावी, खोडून काढलं तरी चालेल.

सांख्यिक

धागा उत्तम. आकड्यांकडे येण्याआधी एक सावधगिरी, कारण पुढे कुणीतरी "स्त्रियांचा सहभाग वाढलाय की!" म्हणणारच.

पीएलएफएस या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला ४१.७ झाला. पुरुषांचा ७८.८. वाढ खरी आहे, पण कसली? काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारवाल्या ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेल्या आणि नियमित पगारवाल्या २१ वरून १५.९ वर आल्या. स्वयंरोजगार म्हणजे बुटीक आणि स्टार्टअप असं समजू नका. त्यात घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणारीही मोजली जाते. तिचा कोड २१.

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांनी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून व्यक्तिगत पातळीचा कच्चा डेटा उतरवून घ्या (फुकट आहे, नोंदणी लागते). मुख्य कामाच्या स्थितीचा स्तंभ शोधा. ११ म्हणजे स्वतःचं काम, १२ मालक, २१ बिनपगारी मदतनीस, ३१ नियमित पगारी, ४१ आणि ५१ रोजंदारी, ८१ काम शोधणारे, ९१ विद्यार्थी, ९२ फक्त घरकाम, ९३ घरकामासोबत सरपण, पाणी, शिवणकाम वगैरे. आता सामान्य शिक्षणाचा स्तंभ आडवा लावा. २१ वेगळा काढा. चित्र लगेच पालटतं: निरक्षर किंवा कमी शिकलेल्या स्त्रिया कामात जास्त, दहावी-बारावी झालेल्या सगळ्यात कमी, पदवीच्या पुढे पुन्हा वर. मधला खड्डा दहावी-बारावीवाल्यांचा. त्यांना शेतमजुरी नको असते आणि त्यांच्या शिक्षणाला साजेसं दुसरं काम गावात नसतं.

नेहमी होणाऱ्या दोन चुका. वेट (प्रत्येक नोंदीला दिलेला भारांक) न लावता सरासरी काढली तर आकडा साफ चुकतो. आणि जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आहे, आधी वर्ष जुलै ते जून असे. नवे-जुने आकडे सरळ शेजारी ठेवू नका.

मधली_आळी

हंटर ठीक, टिळक ठीक. पण मग कर्व्यांचं काय? १९१६ चं महिला विद्यापीठ त्याच पठडीतलं नव्हतं का? मातृभाषेतून शिक्षण, गृहव्यवस्था आणि आरोग्य हे खास विषय. आपण पुतळ्याला हार घालतो आणि हे बोलत नाही.

जुनीपाटी

@मधली_आळी, बोलू की. १९१५ मध्ये कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कल्पना मांडली. स्त्रीचं कार्यक्षेत्र बव्हंशी घर, म्हणून अभ्यासक्रम वेगळा, ही भूमिका त्यात होतीच. पदव्यांची नावंही वेगळी, बी.ए. च्या जागी 'गृहीतागमा'. ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली, विद्यापीठ तगलं, पण कायद्यानं दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. तोवर ती पदवी संस्थेची होती, सरकारमान्य नव्हती. याचा नोकरीवर परिणाम होणारच.

दुसरी बाजूही पाहा. १९५१ च्या जनगणनेत देशातली स्त्री-साक्षरता ८.८६ टक्के. त्याच्या ३५ वर्षं आधी इंग्रजी माध्यमाच्या, मुलांबरोबरच्या कॉलेजात मुलगी पाठवायला किती घरं तयार होती? विधवा आणि मोठ्या वयाच्या बायकांना मराठीतून शिकून शिक्षिका होण्याचा रस्ता कर्व्यांनी दिला. मी त्यांना हंटरच्या रांगेत बसवणार नाही. त्या रस्त्याला लागून दुसरा रस्ता बांधायला आपण पन्नास वर्षं लावली, हा दोष पुढच्यांचा.

मधली_आळी

अर्धं मान्य. त्याच काळात हुजूरपागा गणित शिकवत होती, म्हणजे "काळच तसा होता" हे पूर्ण उत्तर होत नाही.

तोशीगावी_नाही

जपानचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर, पण कामाचं.

१८९९ च्या आदेशानं तिथे मुलींच्या माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या त्या "चांगली पत्नी, शहाणी आई" या सूत्रावर. युद्धानंतर १९४७ ला सहशिक्षण आलं. आणि मग गंमत बघा, समता आल्यावर पुन्हा फारकत केली. १९५८ च्या आराखड्यातून कनिष्ठ माध्यमिकला 'तंत्र व गृह' असा एक विषय आला. नाव एक, तास दोन. मुलगे करवत-रंधा आणि यंत्रं, मुली शिवण-स्वयंपाक. १९७३ पासून उच्च माध्यमिकला गृहविज्ञान फक्त मुलींना सक्तीचं झालं, चार क्रेडिट. हा काळ आर्थिक भरभराटीचा. नवरा कंपनीत मध्यरात्रीपर्यंत, बायको घरी, अशी घडी बसवायची होती आणि शाळेनं ती बसवून दिली.

ही सक्ती उठली कशी? स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात मुलामुलींना एकच अभ्यासक्रम हवा अशी अट आहे. जपाननं १९८५ मध्ये करार मान्य केला, आणि हा विषय १९९३ ला कनिष्ठ व १९९४ ला उच्च माध्यमिकला सगळ्यांना समान झाला.

पण कंपन्यांनी दुसरी वाट काढली. १९८६ ला समान संधीचा कायदा लागू झाल्यावर "मुलगे-मुली" असा भेद करता येईना, म्हणून भरतीचे दोन रूळ टाकले. एक बढतीचा, बदल्यांचा. दुसरा साध्या कारकुनीचा. मुली दुसऱ्यावर, कारण त्यांतल्या बऱ्याच दोन वर्षांच्या 'तानदाई' कॉलेजातून आलेल्या. चार वर्षांच्या पदवीला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण या दोन वर्षांवाल्यांच्या पुढे गेलं ते १९९६ साली. आणि २०१८ मध्ये टोकियोतल्या एका वैद्यकीय विद्यापीठात प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी केल्याचं उघड झालं. अभ्यासक्रम समान करून पंचवीस वर्षं झाली होती तेव्हा.

फिटर_शॉप

वर ज्या 'दोन वर्षांच्या' रुळाचा उल्लेख आहे, त्याची आपल्याकडची आवृत्ती आयटीआयमध्ये सापडेल. इथे दोष एका वर्षाच्या रुळाचा.

आयटीआयची योजना १९५० ची. स्त्रियांसाठी वेगळा विभाग १९७७ ला निघाला. हेतू चांगला, पण ट्रेड कुठले? कटिंग-सुइंग, भरतकाम, ड्रेस मेकिंग, लघुलेखन, पुढे ब्युटी पार्लरचं कॉस्मेटॉलॉजी. यांतले बहुतेक एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, दहावीला गणित-विज्ञान लागतं.

एका वर्षाचा फरक किरकोळ वाटतो ना? पुढचं बघा. महाराष्ट्रात दहावी अधिक दोन वर्षांचा योग्य ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे फिटर झालेला पोरगा शिडी चढत इंजिनिअर होऊ शकतो. सुइंग टेक्नॉलॉजीच्या एका वर्षाला ही शिडीच लागत नाही. तिथून पुढे सरळ वाट एकच, सीआयटीएस (आयटीआयच्या शिक्षकांचं प्रशिक्षण) करून सुइंगचीच निदेशिका व्हायचं. १८८२ चं "बाईला शिकवायला बाई" बहुधा हेच.

भरतीतही तसंच. रेल्वेचा असिस्टंट लोको पायलट, महावितरणचा विद्युत सहाय्यक, यांना ठरावीक ट्रेडच चालतात. शिवणकामाच्या प्रमाणपत्राला तिथे रकानाच नाही.

आणि मुलींना फिटर का देत नव्हते? याचं उत्तर शाळेबाहेर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६: बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला लावायचं नाही. राज्याला थोडी सवलत देता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत तीही नाही. आता शिफ्टचं कोष्टक मांडा. पहिली ७ ते ३, दुसरी ३ ते ११, तिसरी ११ ते ७. बाई फक्त पहिलीत बसते. आठवड्याला पाळी फिरते, म्हणजे तिला कायम पहिली द्यायची तर इतरांना दुसरी-तिसरी जास्त येणार. सुपरवायझर ते टाळतो, एचआर मुलींना घेत नाही, प्लेसमेंट होत नाही म्हणून निदेशक प्रवेशाच्या वेळीच "ताई, कोपा घ्या" म्हणून संगणकाच्या ट्रेडकडे वळवतो. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली हे रात्रपाळीचं बंधन रद्द ठरवलं. इतरत्रही नंतर सुरक्षा, वाहतूक वगैरे अटींवर रात्रपाळी खुली होत गेली. पण निदेशकाचा सल्ला जुनाच राहिला. कायदा बदलला की सवय आपोआप बदलत नाही, तिला अजून एक पिढी लागते.

हळदीचा_वाफा

पण १९९४ च्या महिला धोरणापासून सरकारी नोकरीत ३० टक्के आरक्षण आहे ना? आयटीआयतही ३० टक्के. मग अडचण कुठे?

फिटर_शॉप

हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत आडवं. पात्र महिला उमेदवार मिळाली नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते. पुढच्या भरतीला ती शिल्लक म्हणून येत नाही. आयटीआयचंही तेच. इलेक्ट्रिशियनची तुकडी २० ची, तीस टक्क्यांनी ६ जागा मुलींच्या. मुलींचे अर्जच तीन आले तर उरलेल्या तीन पुढच्या फेऱ्यांत इतरांना. दोन वर्षांनी विद्युत सहाय्यकाची जाहिरात येते तेव्हा पात्र मुली कमी, म्हणून तिथल्याही जागा वळतात. एक गळती दुसरीला पाणी पुरवते आणि कागदावर आरक्षण शंभर टक्के पाळलेलं असतं.

सांख्यिक

+१. आरक्षणाची टक्केवारी पाहायची नाही, भरलेल्या जागा पाहायच्या. माहिती अधिकारात विचारताना "महिला आरक्षित जागा किती" असं विचारू नका, उत्तर ३० टक्केच येणार. "महिला आरक्षित जागांपैकी महिला उमेदवार न मिळाल्याने अन्य उमेदवारांतून भरलेल्या जागा, वर्षनिहाय, पदनिहाय" असं विचारा.

ओटीवरून

अंगणवाडीचा उल्लेख कुणीच केला नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला आयसीडीएस, म्हणजे एकात्मिक बालविकास योजना, सुरू झाली. सहा सेवांपैकी एक चक्क पूर्वप्राथमिक शिक्षण. ते शिकवणारी बाई मात्र कर्मचारी नाही, 'मानसेवी'. पगार नाही, मानधन. लहान मुलांना शिकवणं हे बाईचं निसर्गदत्त काम, त्याला कसला पगार, हे गृहीत धरून धोरण लिहिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते असं सांगितलं, तेही जवळपास ४७ वर्षांनी.

आणि १९९२ ला सुरू झालेला मुलींचा उपस्थिती भत्ता आठवा, दिवसाला एक रुपया. २२० दिवस हजर राहिलात तर २२० रुपये. तेव्हाही ती रक्कम फार नव्हती.

मधली_आळी

एक रुपयात आता लिमलेटची गोळी येते. एकच.

कॅपराउंड

आजच्या पालकांसाठी थोडं व्यवहाराचं लिहितो, कारण जुन्या धोरणाचा सांधा आज अकरावीच्या फॉर्मवर आहे.

मुली विज्ञान शाखेत कमी आहेत हे आता खरं नाही. देशपातळीवर कॉलेजातल्या विज्ञान शाखेत त्यांची संख्या मुलांपेक्षा जरा जास्तच भरते. पण बी.टेक.ला साधारण २९ टक्के. मधे काय होतं? अकरावीला बरीच घरं मुलीला जीवशास्त्र देतात आणि गणित सोडवतात. डॉक्टर नाही तर नर्सिंग, फार्मसी, नाही तर बी.एस्सी.-बी.एड. वर जुनीपाटी यांनी १८८२ च्या 'मोकळ्या व्यवसायांची' यादी दिली आहे, ती पुन्हा वाचा.

म्हणून अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येत असतील तर ठेवा. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम (गणितासह) आणि पीसीबी (जीवशास्त्रासह) असे दोन गट आहेत, दोन्ही देता येतात. इथे एक खाच आहे. कनिष्ठ महाविद्यालयातला २०० गुणांचा बायफोकल विषय (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स वगैरे) घेतला तर तो दुसऱ्या भाषेची आणि एका ऐच्छिक विषयाची जागा घेतो. तो ऐच्छिक विषय गणित तर नाही ना, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी पाहून घ्या. बारावीच्या फॉर्मच्या वेळी कळून उपयोग नसतो.

आता फी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर माफी नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज दरवर्षी. दाखला प्रवेश सुरू झाल्यावर काढायला गेलात तर रांगेत पंधरवडा जातो, मे महिन्यातच काढा. आधारला जोडलेलं बँक खातं मुलीच्या नावाचं असू द्या.

माफीत वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास नाही. गावाकडच्या मुलीसाठी खर्चाचा मोठा भाग तोच. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंत, आणि पॉलिटेक्निक बहुतेकदा जिल्ह्याच्या गावी. फी माफ झाली तरी मुली कमी का, असं विचारणाऱ्यांनी आधी वसतिगृहातल्या खाटा मोजाव्यात.

हळदीचा_वाफा

@फिटर_शॉप, दहावीनंतर मुलीला आयटीआयलाच पाठवायचं असेल तर काय पाहावं? गणित-विज्ञानात साठच्या पुढे गुण आहेत.

फिटर_शॉप

साठच्या पुढे असतील तर इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा मशिनिस्ट. पर्याय भरताना दोन वर्षांचे ट्रेड सगळे वर टाका, एक वर्षाचे तळाशी. मुलींच्या राखीव जागा पहिल्या फेऱ्यांतच पदरात पडतात, नंतर त्या वळतात, तेव्हा पहिली फेरी चुकवू नका.

प्रवेशाआधी संस्थेत जाऊन बघा: वर्कशॉपच्या इमारतीत मुलींचं स्वच्छतागृह आहे की ऑफिसच्या मागे, सुटीत कुलूप असतं का. सेफ्टी शूज ४ नंबरपासून मिळतात का विचारा. मोठा बूट घालून लेथपाशी उभं राहणं धोक्याचं आहे, आणि बूट नाही म्हणून मुलगी प्रॅक्टिकलला नुसती वहीत आकृत्या काढत बसते. मागच्या दोन तुकड्यांतल्या मुलींना अप्रेंटिसशिप कुठे मिळाली, त्या कंपनीत कुठल्या पाळीला होत्या आणि बस होती का, हे निदेशकाला नाही, त्या मुलींनाच विचारा. आणि समुपदेशनाच्या टेबलावर कुणी कोपा किंवा सुइंग सुचवलं तर "दोन वर्षांचाच हवा, डिप्लोमाला जायचंय" एवढं सांगून पुढे सरका.